वेगेनर शिकवायचा तर विहिरीपासून सुरुवात करा

भूगोलाच्या तासाला आल्फ्रेड वेगेनर दहा मिनिटांत उरकतो. जर्मन शास्त्रज्ञ, खंडवहन म्हणजे खंड सरकतात हा विचार, पॅन्जिया म्हणजे सगळे खंड एकत्र असतानाचा महाखंड, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांत बसतात, झालं. लेकरं तेवढं घोकतात आणि परीक्षेत मार्क घेतात. हा गडी मुळात हवामानवाला होता, चार वेळा ग्रीनलंडच्या बर्फावर गेला आणि चौथ्या वेळी तिथून परतलाच नाही, हे त्यांच्या कानावर येत नाही. मी औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवतो. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट, आणि त्याची किल्ली सापडली तर सापडली. म्हणून खाली सांगतोय ते सगळं व्हरांड्यात, मैदानात नाहीतर शिवारात करता येण्यासारखं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नकाशाचे तुकडे जुळवणं हा वेगेनरचा सगळ्यात कच्चा पुरावा, आणि आपण नेमका तेवढाच शिकवतो. किनारे जुळतात हे त्याच्या आधीही लोकांच्या लक्षात आलं होतं. त्यावर त्याने जी पुराव्यांची रास रचली, दगडांची, जीवाश्मांची, जुन्या हवामानाची, ती शिकवायची. त्यातला एक पुरावा चंद्रपूरकडे पैनगंगेच्या पात्रात आहे. आणि वेगेनर मेल्यावर त्याच्या बाजूने उभा राहिलेला एक मोठा साक्षीदार आपल्या घरांच्या जोत्यात बसवलेला आहे.

काय जमवायचं, कधी घ्यायचं

जानेवारी बरा. वेगेनरने आपला विचार पहिल्यांदा लोकांपुढे मांडला तो ६ जानेवारी १९१२ रोजी, फ्रँकफर्टमधल्या भूवैज्ञानिकांच्या सभेत, त्यामुळे परिपाठात सांगायला तारीखही मिळते. शिवाय पावसाळ्यात तुडुंब असलेल्या विहिरी तोवर खाली गेलेल्या असतात आणि भिंती दिसू लागतात.

किराणा दुकानातून दोन-तीन मोठी खोकी आणा. सुतळीचा एक गुंडा, गेरू, पांढरी रांगोळी आणि एखादा हिरवा रंग, चुलीतली चाळलेली राख, जुना पेपर, नदीची भरड वाळू, शहाबादी फरशीचा हातभर तुकडा (बांधकामावर फुकट मिळतो), जेवणाचा स्टीलचा डबा आणि एक होकायंत्र. फ्रीज शाळेत नसेल तर शेजारच्या घरी सांगून ठेवायचं. नकाशासंग्रह मात्र असा हवा की त्यात समुद्राची खोली निळ्याच्या छटांनी दाखवलेली असेल.

विहीर

पहिली तासिका वर्गात घेऊ नका. कठडा असलेली, जुनी, न बांधलेली विहीर शोधा आणि मालकाला विचारून लेकरांना चार-चारच्या गटाने कठड्याशी उभं करा. आमच्याकडे एक आजोबा दरवेळी स्वतः येऊन उभे राहतात. "बघू द्या की लेकरांना गुरुजी, पर कडंला वाकू देऊ नगा." कठडा नसेल तर त्या विहिरीकडे फिरकूच नका. त्याऐवजी मुरमाची बंद खदान चालते, किंवा सहल निघणारच असेल तर तुळजापूरच्या घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड.

काय बघायचं? वर काळी माती. तिच्याखाली मुरूम, हाताने फुटणारा. मग काळा पाषाण, उभ्या भेगा पडलेला. त्याच्या खालीवर कुठेतरी भोकाभोकांचा दगड लागतो आणि भोकांत पांढरे, कधी हिरवट चमकणारे खडे बसलेले असतात. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे दगडात अडकले आणि पुढे पाण्यातल्या खनिजांनी ती पोकळी भरली, ते हे खडे. आणि नशीब असेल तर दोन काळ्या थरांच्या मधे वीतभर ते हातभर जाडीचा लाल पट्टा दिसतो.

त्या लाल पट्ट्यावर भरपूर वेळ घालवा. खालचा लाव्हा थंड झाला, त्याचा वरचा भाग ऊन-पावसाने कुजून माती होऊ लागला, आणि त्यावर पुढचा लाव्हा येऊन पसरला. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधे इथे वेळ गेलेला आहे. लेकरांना हे पटकन कळतं, कारण बोअर मारताना त्यांनी धूळ पाहिलेली असते. राखाडी फुफाटा उडता उडता मधेच लाल उडायला लागतो आणि बोअरवाला म्हणतो, गेरू लागला. "सर, आमच्या हिरीत बी तसलाच लाल पट्टा हाय" असं दोघं-तिघं तरी म्हणतात. त्यांना घरी जाऊन कितव्या हातावर आहे ते मोजून आणायला सांगा. मोजणारा मोठा माणूस असेल, लेकरू नाही, हे बजावून सांगा.

असे थरावर थर किती? भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रीय अभ्यासासाठी बोअर घेतलं, तेव्हा काळ्या पाषाणाची जाडी साधारण ३४० मीटर भरली. त्याखाली फार जुना खडक लागला. हा सगळा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो एखाद्या शंकूसारख्या डोंगरातून आलेला नाही, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पसरला. वेरूळ-अजिंठ्याची लेणी याच दगडात कोरली.

तासिका संपताना एकच प्रश्न फळ्यावर लिहा आणि पुसू नका: हा लाव्हा पसरला तेव्हा आपलं गाव पृथ्वीवर कुठे होतं? बहुतेक सगळे "इथंच की" म्हणतात. म्हणू द्या.

पुठ्ठ्याचे खंड आणि फाडलेला पेपर

खंड कापताना किनाऱ्यावरून कापू नका. फिक्या निळ्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेने कापा. समुद्र आज जिथे जमिनीला टेकतो ती काही खंडाची खरी कड नव्हे. उथळ पाण्याखालचा भागही खंडाचाच. वेगेनरचा जोर याच कडेवर होता. तशी कापली की ब्राझीलचा खांदा गिनीच्या आखातात नीट जाऊन बसतो, किनाऱ्यावरून कापली की फटी राहतात आणि वर्गातला एखादा चिकित्सक लगेच बोट ठेवतो. भारताचा तुकडा वेगळा कापा आणि हिमालयाच्या वरची बाजू सरळ ठेवा.

आता पेपर. एक पान आडवंतिडवं फाडून गटांना द्या. आधी फक्त कडा पाहून जुळवायला सांगा, मग अक्षरांच्या ओळी एका तुकड्यातून दुसऱ्यात जातात का ते पाहायला सांगा. ही युक्ती माझी नाही, वेगेनरने स्वतःच दिलेला दाखला आहे: कडा जुळल्या आणि वर छपाईच्या ओळीही जुळल्या, तर ते तुकडे एका पानाचेच होते असं मानण्यावाचून गत्यंतर नाही.

मग त्या ओळी पुठ्ठ्यावर काढायच्या. हिरवा रंग ग्लोसोप्टेरिसचा. जिभेसारख्या पानाची ही वनस्पती भारत, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकात जीवाश्मरूपात सापडते. आपल्याकडे ती विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यात मिळते. मराठवाड्यात शोधू नका, इथे लाव्ह्याने सगळं झाकून टाकलंय. गेरूचे ठिपके मेसोसॉरसचे. गोड्या नाहीतर उथळ पाण्यात राहणारा हा छोटा सरपटणारा प्राणी फक्त दक्षिण आफ्रिकेत आणि ब्राझीलच्या बाजूला सापडतो. एवढासा जीव अटलांटिक पोहून गेला नसणार. वेगेनरच्या काळातले विद्वान म्हणत, मधे जमिनीचा पूल होता आणि तो बुडाला. वेगेनरचं उत्तर होतं की खंडांचा खडक समुद्रतळाच्या खडकापेक्षा हलका आहे, तो असा तळाला जाईलच कसा?

बर्फ आणि फरशी

हा सगळा खटाटोप ज्यासाठी मांडायचा तो प्रयोग हा.

डब्यात बोटभर वाळू पसरा, वाळू जेमतेम भिजेल एवढं पाणी घाला आणि गोठवा. गोठली की वरून डबाभर पाणी घालून पुन्हा रात्रभर ठेवा. थेट भरपूर पाणी घातलं तर वाळू सुटी राहते आणि बर्फाने धरली जात नाही. शहाबादी फरशीवर गेरूचा पातळ हात देऊन वाळवून ठेवा. सकाळी डबा उलटा करा, मिनिटभर वरून हात फिरवला की बर्फ सुटतो. वाळूची बाजू फरशीवर टेकवून, दोन्ही हातांनी जोर देऊन, एकाच दिशेने ढकला. पुढेमागे घासायचं नाही. तीन-चार वेळा ढकललं की गेरूत समांतर रेघा पडतात, आणि गेरू धुऊन फरशी उन्हात तिरकी धरली तर खाली दगडावरही बारीक ओरखडे दिसतात. हातरुमाल द्या, हात बधिर होतात. लेकरांना तेवढीच मजा. बर्फ वितळला की फरशीवर वाळूचे ढीग राहतात, तेही राहू द्या, पुसू नका.

आता सांगा. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ, पैनगंगेच्या पात्रात, चुनखडीच्या दगडावर अशाच समांतर रेघा आहेत. १८७० च्या दशकात भूवैज्ञानिकांनी त्या नोंदवल्या. वर लहानमोठे दगडगोटे मातीत कालवल्यासारखे पडलेत, आपल्या फरशीवर वाळू राहिली तसे. हे हिमनदीचं काम आहे, साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीचं. आपली फरशीही चुनखडीचीच, म्हणून मुद्दाम शहाबादी घ्यायची.

चंद्रपूर म्हटलं की लेकरांना मे महिन्यातल्या टीव्हीवरच्या बातम्या आठवतात, ४७ अंश वगैरे. तिथे हिमनदी? असल्याच खुणा दक्षिण आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, ऑस्ट्रेलियात सापडल्या होत्या. काही ठिकाणी तर बर्फ समुद्राकडून जमिनीवर चढल्यासारख्या रेघा. खंड आहेत तिथेच होते असं धरलं तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, निम्म्या पृथ्वीवर बर्फ मानावा लागतो, आणि त्याच काळात उत्तरेकडे युरोप-अमेरिकेत दलदलीची जंगलं वाढून त्यांचा कोळसा होत होता. लेकरांना पुठ्ठ्याचे दक्षिणेकडचे तुकडे एकत्र करायला लावा आणि जिथे जिथे बर्फाच्या खुणा आहेत तिथे पांढरी रांगोळी टाकायला सांगा. सगळ्या ठिकाणचे डाग मिळून दक्षिण ध्रुवाभोवतीचा एकच पांढरा पट्टा तयार होतो.

हे जुळवायला भूवैज्ञानिकच हवा होता असं नाही, हवामानाची जाण हवी होती. वेगेनरचा सासरा व्लादिमिर कोपेन, ज्याची हवामान विभागणी आपण अजून शिकवतो. जावई-सासऱ्याने मिळून १९२४ साली पृथ्वीच्या प्राचीन हवामानावर पुस्तक काढलं. आणि बर्फ काय करतो हे वेगेनरने ग्रंथालयात बसून शोधलेलं नव्हतं.

दोरीवरचा जन्म

सुतळीला पन्नास गाठी मारा, एक गाठ म्हणजे एक वर्ष. वेगेनर बरोबर पन्नास वर्षं जगला, १ नोव्हेंबर १८८० ते नोव्हेंबर १९३०, त्यामुळे हिशोब सोपा. व्हरांड्यात दोरी बांधून चिठ्ठ्या लटकवा.

बर्लिनमध्ये पाद्र्याच्या घरात जन्म, पाच भावंडांत धाकटा. १९०५ ला खगोलशास्त्रात डॉक्टरेट, आणि लगेच खगोल सोडून हवामानाकडे. एप्रिल १९०६ मध्ये भाऊ कुर्टबरोबर फुग्यातून सलग साडेबावन्न तास हवेत राहण्याचा विक्रम. त्याच वर्षी डॅनिश मोहिमेबरोबर ग्रीनलंडला, पतंग आणि दोरीने बांधलेले फुगे उडवून वरच्या हवेचं तापमान मोजायला. त्या मोहिमेचा म्होरक्या आणि आणखी दोघं परत आलेच नाहीत. दोन वर्षांनी वेगेनर आला आणि मारबुर्गला शिकवू लागला.

१९१२-१३ ची चिठ्ठी जरा मोठी लिहा. कोख नावाच्या डॅनिश सोबत्याबरोबर चौघांनी आइसलँडची तट्टं घेऊन ग्रीनलंड पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडलं, हजारावर किलोमीटर, आणि त्याआधी हिवाळा बर्फावरच काढला. तट्टं एकेक करून मारावी लागली. शेवटी सोबतचा कुत्राही खाल्ला, आणि नेमकी मग मदत भेटली.

१९१४ ला युद्धात दोनदा जखमी. १९१५ ला खंड आणि महासागरांच्या उत्पत्तीवरचं पुस्तक. पुढे नवे पुरावे घालत त्याच्या आवृत्त्या काढत राहिला, चौथी १९२९ ची. १९२४ पासून ऑस्ट्रियात ग्राझला प्राध्यापक. खंडवहनाच्या चिठ्ठ्या दोरीवर मोजून बघा, हवामानाच्या आणि बर्फाच्या त्याहून जास्त भरतात.

दोन चिठ्ठ्यांवर वेळ असेल तर थांबा. पहिली ढगांची. शून्याखाली थंड झालेल्या ढगात पाण्याचे थेंब आणि बर्फाचे कण एकत्र असतील तर बाष्प थेंबांकडून कणांकडे जातं, कण फुगतात आणि खाली पडतात, हे त्याने आधी मांडलं. बर्जेरॉन आणि फिंडाइझेन या हवामानशास्त्रज्ञांनी ते पुढे नेलं. २०१५ आणि २०१९ ला दुष्काळात औरंगाबादहून, म्हणजे आताच्या संभाजीनगरहून, विमानं उडाली आणि कृत्रिम पावसाची चर्चा घराघरात झाली, ते आठवून द्या. थंड ढगात सिल्व्हर आयोडाइड फवारतात त्यामागे हेच तत्त्व. पाऊस किती पडला हा वेगळा विषय, त्यावर वर्गात भांडण लावू नका.

दुसरी चंद्रावरच्या खड्ड्यांची. ते ज्वालामुखीचे नसून आदळण्याने झाले असं वेगेनरने १९२१ मध्ये मांडलं आणि त्यासाठी सिमेंटच्या भुकटीच्या थरावर भुकटी टाकून खड्डे पाडून पाहिले. आपण राख वापरायची. घमेल्यात राखेचा जाड थर, वर गेरूची चिमूट, आणि चमचाभर राख जोरात खाली. ज्वारीचं पीठ वापरू नका, घरून बोलणी बसतात आणि ती रास्तच असतात. जालन्याकडच्या शाळांना लोणार जवळ आहे, त्यांनी तिथेच जावं: आपल्याच काळ्या पाषाणात आदळून झालेला जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा.

खटला

वर्गाचे दोन भाग करा, पण विरोधी बाजूला हुशार पोरं द्या. नाहीतर "बिचाऱ्या वेगेनरचं कुणी ऐकलं नाही" अशी रडकथा होते, आणि ती खरी नाही. विरोधकांचे मुद्दे दणकट होते. खंड कोणत्या जोराने सरकतात याला वेगेनरने दोन कारणं दिली: पृथ्वीच्या फिरण्यामुळे ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे होणारी ओढ आणि चंद्र-सूर्याची भरतीची ओढ. हॅरल्ड जेफ्रीज या इंग्रज शास्त्रज्ञाने आकडेमोड करून दाखवलं की या ओढी फारच क्षीण आहेत. भरतीची ओढ खंड हलवण्याएवढी असती तर पृथ्वीचं फिरणंच वर्षभरात थांबलं असतं. शिवाय ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतंय असं वेगेनर जुन्या मोजमापांवरून सांगत होता. आज मोजलं तर ते काही सेंटिमीटर निघतं. १९२६ ला न्यूयॉर्कच्या सभेत अमेरिकन भूवैज्ञानिकांनी त्याला धारेवर धरलं.

न्यायाधीश लेकरांतूनच निवडा आणि निकाल त्यालाच लिहू द्या. आमच्याकडे एका मुलीने लिहिलं होतं: पुरावे मान्य, कारण अमान्य, पुढची तारीख. मला यापेक्षा चांगलं लिहिता आलं नसतं.

पुढची तारीख १९५०-६० च्या दशकांत लागली. इथे एक दुरुस्ती जरूर सांगा, पुस्तकं ती गाळतात. वेगेनरच्या चित्रात खंड समुद्रतळ कापत पुढे जातात. तसं होत नाही. समुद्राच्या मधल्या, पाण्याखालच्या पर्वतरांगांशी समुद्रतळ नवा तयार होतो, दुसरीकडे खाली जातो, आणि खंड त्याच भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकणाऱ्या तुकड्यावर, बसून जातात.

पाषाणाची साक्ष, आणि किल्लारी

आता फळ्यावरचा प्रश्न घ्या. लाव्हा थंड होताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून बसतात. विषुववृत्तावर ही दिशा आडवी असते, ध्रुवाकडे जावं तशी जास्त कललेली. म्हणजे दगडातला कल मोजला की तो कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळतं. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने दख्खनच्या पाषाणाचे नमुने मोजले. उत्तर आलं की हा दगड विषुववृत्ताच्या दक्षिणेला थिजलाय, आणि भारत तिथून उत्तरेला आलाय. वेगेनर जाऊन तोवर दोन दशकं उलटली होती.

वर्गात होकायंत्र टेबलावर ठेवून काळ्या पाषाणाचा मोठा तुकडा सुईच्या टोकाजवळ हळूहळू फिरवा. काही दगडांनी सुई जराशी हलते, काहींनी ढिम्म. पाच-सहा ठिकाणचे तुकडे आणून ठेवलेले बरे. एवढ्याने अक्षांश कळत नाही हे सांगा, फक्त दगडात चुंबकत्व आहे एवढं दिसतं.

इथे हमखास एक जण विचारतो, "सर, जमीन सरकलालीय मंजी आपुन बी सरकलालोत का?" सरकलालोत. वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर, ईशान्येच्या अंगाने. व्हरांड्यात होकायंत्राने दिशा धरून खडूने दीड मीटरची रेघ ओढा: किल्लारीच्या भूकंपापासून आजवर आपण यापेक्षा थोडं जास्तच सरकलो.

किल्लारीचं नाव आलं की जपून. आमचा तर तालुकाच तो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. वर्गातल्या पोरांचे आईबाप तेव्हा लहान होते, काहींच्या घरात अजून त्यावर बोलत नाहीत. घरून आठवणी लिहून आणा असला गृहपाठ देऊ नका. कुणी आपणहून सांगितलं तर ऐका. कारण विचारलं तर एवढं सांगा: भारताचा भूपट्ट उत्तरेला आशियाला रेटतोय, त्या रेट्याचा ताण पट्टाच्या पोटातही साठतो, आणि जुनी कमजोर भेग असेल तिथे तो सुटतो. दख्खनचं पठार भक्कम, इथे मोठा भूकंप होणार नाही, असं त्याआधी मानत असत.

शेवटचा प्रवास

सगळ्यात शेवटी १९३० ची मोहीम. ग्रीनलंडच्या मधोमध, पश्चिम किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, साधारण ३००० मीटर उंचीवर आइसमिट्टे नावाचं ठाणं मांडून वर्षभर हवामान आणि बर्फाची जाडी मोजायची होती. नकाशावर सोलापूर ते मुंबई एवढं अंतर दाखवा, आणि उंची कळसूबाईच्या पावणेदोनपट.

किनाऱ्यावरचा बर्फ हटेना म्हणून सुरुवातीलाच महिन्यावर उशीर झाला. पंख्याच्या मोटारस्लेज आणल्या होत्या, त्या कामाला आल्या नाहीत. आइसमिट्टेवर गेऑर्गी आणि झोर्गे हे दोघं होते, त्यांनी निरोप धाडला की २० ऑक्टोबरपर्यंत सामान आलं नाही तर आम्ही चालत निघतो. म्हणून २१ सप्टेंबरला वेगेनर, त्याचा सोबती ल्योवे आणि १३ ग्रीनलंडवासी कुत्र्यांच्या १५ स्लेज घेऊन निघाले. थंडी उणे ५० च्या आसपास जाऊ लागली, एकेक जण परत फिरला. उरला एकटा रासमुस विलुमसेन, विशीतला पोरगा. तिघं ३० ऑक्टोबरला पोचले, तेव्हा बरंचसं सामान वाटेत टाकावं लागलं होतं. ल्योवेच्या पायाची बोटं गोठली होती, ती पुढे खिशातल्या चाकूने कापावी लागली. आणि गेऑर्गी-झोर्गे यांनी तोवर तिथेच हिवाळा काढायचं ठरवलेलं होतं.

इथे थांबा आणि गणित घाला. माणसं पाच, शिधा जेमतेम तिघांपुरता, उन्हाळा सहा महिन्यांवर, एक जण चालू शकत नाही. कोण राहील? गटांत दहा मिनिटं भांडू द्या. मगच सांगा की १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर आणि विलुमसेन १७ कुत्रे घेऊन परत निघाले. वेगेनरचं शव १२ मे १९३१ रोजी जवळपास निम्म्या वाटेवर सापडलं, झोपायच्या पिशवीच्या खोळीत शिवून नीट पुरलेलं, वर खूण म्हणून त्याच्या स्की उभ्या रोवलेल्या. बहुधा हृदय बंद पडलं होतं. ते शिवणकाम आणि खूण विलुमसेनची. तो पुढे गेला आणि कधीच सापडला नाही. त्याचं नाव दोरीवर वेगळ्या चिठ्ठीत लिहा. मोहीम भाऊ कुर्टने हाती घेऊन पुरी केली, आणि आइसमिट्टेच्या वर्षभराच्या नोंदी हाती आल्या.

एकच तासिका मिळणार असेल तर विहीर, दोरी, खटला सगळं सोडा, फक्त बर्फ-फरशी आणि पुठ्ठ्यावरची पांढरी रांगोळी घ्या. फरशीवर पुन्हा गेरूचा हात देऊन ठेवा. ऊसतोडीला गेलेल्या घरची लेकरं मार्चच्या सुमारास परत येतात. त्यांच्यासाठी एवढा भाग वेगळा घ्यावाच लागतो, आणि तोवर ऊन चढलेलं असतं, म्हणून तेव्हा बर्फ दुप्पट लावा आणि प्रयोग पहिल्या तासालाच उरका.